आरसीसीबी सारखा पडतोय? वायरमन येण्याआधी फॉल्ट असा शोधा

शेजाऱ्यांकडे दिवे चालू, आपल्याकडे अंधार. डीबीचं, म्हणजे खटक्यांच्या पेटीचं, झाकण उघडून बघावं तर एकच रुंद खटका खाली पडलेला. वर केला की पाच मिनिटं राहतो, पुन्हा पडतो. वायरमनला फोन करावा तर तो संध्याकाळी येतो आणि नेमकं तेव्हा सगळं व्यवस्थित चालू असतं. तो दोन वायरी हलवून, "आता बघा" म्हणून निघून जातो. रात्री पुन्हा तेच.

यात खरं अवघड काम दुरुस्तीचं नसतं, शोधण्याचं असतं. आणि शोधण्याचा बराचसा भाग एकही स्क्रू न उघडता घरातल्या माणसालाच नीट जमतो, कारण घरात चोवीस तास तोच असतो. दुरुस्ती मात्र परवानाधारक वायरमनची. ही वाटणी मनात पक्की ठेवूनच पुढे वाचा.

पडलेला खटका कोणता?

डीबीत एका बोटाएवढे रुंद खटके असतात ते एमसीबी. कुठे जास्त लोड झाला किंवा शॉर्ट झालं की ते पडतात. त्यांच्या दुप्पट रुंदीचा आणि 'टी' किंवा 'टेस्ट' लिहिलेलं छोटं बटण असलेला तो आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती ओळखून पडणारा खटका. बरेच वायरमन त्याला अजून ईएलसीबीच म्हणतात. तेवढाच रुंद पण बटण नसलेला खटका दिसला तर तो नुसता मेन स्विच किंवा डबल पोल एमसीबी. एमसीबी पडत असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही, त्याचं कारण वेगळं असतं. काही डीबींत आरसीबीओ असतो. तो दोन्ही कामं करतो, त्यामुळे त्याच्या बाबतीत लोडचीही शंका घ्यावी लागते.

आरसीसीबी एकच हिशेब बघतो: फेजमधून जेवढा करंट घरात गेला, तेवढाच न्यूट्रलमधून परत आला का? त्याच्या पोटातल्या कड्यातून दोन्ही वायरी जातात. जाणारा आणि येणारा करंट सारखा असला की परिणाम शून्य होतो. फरक पडला म्हणजे काही करंट भलत्याच वाटेने, अर्थिंगमधून, ओल्या भिंतीतून किंवा माणसाच्या अंगातून जमिनीत चालला आहे. घरगुती आरसीसीबीवर ३० मिलिअँपिअर छापलेलं असतं. म्हणजे १५च्या खाली तो पडता कामा नये, ३०ला पडलाच पाहिजे, आणि मधे कुठेही पडू शकतो. २३० व्होल्टला ३० मिलिअँपिअर म्हणजे सात वॅटच्या दिव्याइतकी गळती. एवढ्या करंटने पंखासुद्धा धड फिरणार नाही, पण तो छातीतून जात राहिला तर माणूस जाऊ शकतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांतही घरगुती जोडणीसाठी ३० मिलिअँपिअर हीच मर्यादा आहे.

म्हणून "आरसीसीबी खराब झालाय, बदलून टाका" हा सल्ला शेवटी ऐकायचा. बहुतेक वेळा आरसीसीबी बरोबरच सांगत असतो.

खटका वर करण्याआधी

जळका वास येत असेल, डीबी किंवा एखादा बोर्ड गरम लागत असेल, घरात पाणी शिरलं असेल, किंवा खटका पडला त्याच क्षणी कुणाला झटका बसला असेल, तर काहीही वर करू नका. मेन बंद ठेवा आणि वायरमनला बोलवा. झटका बसला तेव्हा जे उपकरण हातात होतं ते बाजूला ठेवा, त्याला "एकदा चालवून बघू" नको.

असं काही नसेल तर हात कोरडे, पायात रबरी चप्पल, आणि डीबीचं बाहेरचं दार तेवढं उघडा. आतली पत्र्याची किंवा प्लास्टिकची प्लेट काढायची नाही. बऱ्याच कंपन्यांचा खटका ट्रिप झाल्यावर मधेच अडकतो. तो आधी पूर्ण खाली दाबून मगच वर करायचा. "वरच होत नाही" म्हणणाऱ्या निम्म्या लोकांचं काम इथेच होतं.

एकदा वर केल्यावर राहिला आणि पुन्हा पडलाच नाही, तर फार डोकं लावू नका. मे-जूनच्या वळवाच्या पावसात जवळपास वीज कडाडली की चांगल्या घरातलाही आरसीसीबी पडतो.

इन्व्हर्टर असेल तर आधी तो बंद

आरसीसीबी पडला की इन्व्हर्टरला वाटतं लाइट गेली, आणि तो दिवे-पंखे बॅटरीवर घेतो. यातून दोन गोष्टी होतात. एक, खटका पडल्याचं कळतच नाही आणि चार तासांनी फ्रिजमधलं दूध नासल्यावर लक्षात येतं. दुसरी जास्त गंभीर: डीबीतला खटका खाली असला तरी इन्व्हर्टरच्या सर्किटमध्ये करंट असतोच, आणि बॅटरीवर चालताना त्या वायरींना तुमच्या आरसीसीबीचं संरक्षण बहुतेक ठिकाणी मिळत नाही. खटका पडलाय म्हणून निर्धास्तपणे बल्बच्या होल्डरमध्ये बोट घालायचं नाही. तपासणी करताना इन्व्हर्टर त्याच्या स्विचने बंद करा आणि पंखे खरंच थांबले का ते बघा.

आता मुख्य तपासणी

पहिली पायरी: घरातले सगळे प्लग काढा. स्विच बंद करणं पुरेसं नाही, प्लग सॉकेटमधून बाहेर आला पाहिजे. फ्रिज, वॉशिंग मशीन, टीव्ही, वायफायचा राउटर, पाण्याचा फिल्टर, चिमणी, ओट्यामागे लपलेला मिक्सर, पलंगाखालची एक्स्टेन्शन बोर्डं, सगळं. बोर्डावरचा साधा स्विच फक्त फेज तोडतो, न्यूट्रल आणि अर्थ उपकरणाला जोडलेलेच राहतात. त्यामुळे आतून खराब झालेला गिझर स्विच बंद असतानाही आरसीसीबी पाडू शकतो. लोक इथेच फसतात. "गिझर तर बंदच होता" असं म्हणून त्याला यादीतून काढतात आणि दोन दिवस भिंती तपासत बसतात. गिझर किंवा एसी थेट जोडलेला असेल आणि त्याला डबल पोल स्विच असेल, तर तो बंद करा. तो दोन्ही वायरी तोडतो.

दुसरी पायरी: सगळे एमसीबी खाली करा आणि फक्त आरसीसीबी वर करा. राहिला तर पुढे चला. एवढं करूनही पडला तर घरातल्या एखाद्या सर्किटचा न्यूट्रल अर्थला चिकटलाय, डीबीच्या आतच काही झालंय, किंवा आरसीसीबी स्वतःच गेलाय. तिन्हींसाठी डीबी उघडावी लागते, म्हणजे तुमचं काम इथे संपलं.

तिसरी पायरी: एकेक एमसीबी वर करा आणि दर वेळी मिनिटभर थांबा. त्या सर्किटवरचे दिवे-पंखेही लावून बघा. एखादा ठरावीक एमसीबी वर केला की लगेच पडतो, बाकीच्यांना काही होत नाही, अशी स्थिती असेल तर गळती त्याच वाटेवर आहे: वायर, स्विचबोर्ड किंवा छतातला दिवा-पंखा. तो एमसीबी खालीच ठेवा, त्यावर चिकटपट्टी लावून तारीख लिहा. बाकी घर चालू राहील.

चौथी पायरी: सगळे एमसीबी वर असूनही खटका टिकला तर वायरिंग बहुधा ठीक, संशय उपकरणांवर. एकेक प्लग लावा आणि ते उपकरण नीट चालवा. इस्त्री दोन सेकंद लावून काढली तर काहीच कळणार नाही. बऱ्याचदा कॉइल तापल्यावर गळती वाढते, तेव्हा गरम करणाऱ्या उपकरणांना दहा-पंधरा मिनिटं द्या. खटका ज्याच्यामुळे पडला असं वाटतं ते उपकरण दुसऱ्या सर्किटच्या सॉकेटला लावून बघा. तिथेही पडला तर उपकरणच दोषी असण्याची शक्यता जास्त. पण या शेवटच्या वाक्याला एक मोठा अपवाद आहे.

न्यूट्रल अर्थला लागतो तेव्हा

भिंतीत कुठेतरी न्यूट्रलचं आवरण सोललंय आणि तो अर्थच्या वायरला किंवा बोर्डाच्या लोखंडी पेटीला टेकलाय, असं समजा. यात झटका बसत नाही, ठिणगी उडत नाही, टेस्टरला काही दिसत नाही. ट्रान्सफॉर्मरजवळ न्यूट्रल अर्थ केलेलाच असतो, म्हणून परत जाणाऱ्या करंटला आता दोन वाटा मिळाल्या. थोडा न्यूट्रलमधून, थोडा अर्थमधून. आरसीसीबीच्या हिशेबात तेवढी तूट येते. लोड जितका मोठा, तितकी तूट मोठी.

परिणाम असा: रात्री दोन दिवे चालू असतात, खटका राहतो. सकाळी इस्त्री लावली, पडला. इस्त्री बदलली, नवी लावली, तरी पडला. मिक्सर लावला, पडला. दोन वेगळ्या खोल्यांत, दोन वेगळ्या एमसीबीवर, कोणतंही जड उपकरण लावलं की पडतो. चांगली इस्त्री भंगारात जाते आणि दुखणं आहे तिथेच राहतं. एमसीबी बंद करूनही ते सापडत नाही, कारण घरांमधले साधे सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडतात. सगळे न्यूट्रल डीबीतल्या पट्टीवर एकत्र जोडलेले राहतात.

"कुठलंही जड उपकरण, कुठल्याही खोलीत" ही खूण दिसली की वायरमनला नेमक्या शब्दांत सांगा: न्यूट्रल-अर्थ फॉल्ट वाटतोय, पट्टीवरून एकेक न्यूट्रल सोडवून तपासा. जाणकार असेल तर तो तासाभरात सर्किट पकडतो. आणि त्याला हेही सांगा की गेल्या काही महिन्यांत भिंतीला कुठे ड्रिल मारलं होतं. पडद्याचा रॉड, एसीची पट्टी, गणपतीच्या मखरासाठी ठोकलेला खिळा. लपवलेल्या पाइपातली वायर खिळ्याने नुसती खरचटते, आणि गळती बऱ्याच दिवसांनी, पहिल्या ओलीबरोबर सुरू होते.

याचा भाऊ म्हणजे मिसळलेला न्यूट्रल. इन्व्हर्टर बसवणाऱ्याने फेज आरसीसीबीनंतरचा घेतला आणि न्यूट्रल आधीचा जोडला, किंवा घरात दोन आरसीसीबी असताना एकाचा फेज आणि दुसऱ्याचा न्यूट्रल एका दिव्याला दिला. यात गळती काहीच नसते, हिशेबच चुकीचा मांडलेला असतो. जिन्यातल्या टू-वे स्विचमध्येही हे घडतं. "नवीन काम केल्या दिवसापासून पडतोय" हीच त्याची ओळख, आणि ज्याने काम केलं त्यालाच बोलवायचं. तो म्हणेल आरसीसीबी फार नाजूक आहे. ऐकू नका.

नेहमीचे संशयित

गिझर सगळ्यात वर. बोअरच्या जड पाण्याने एलिमेंटवर (पाणी तापवणाऱ्या कांडीवर) क्षार चढतात, तिची बाहेरची नळी तडकते आणि पाणी आत जातं. महिनोन्‌महिने बंद ठेवलेल्या गिझरचं आणखी एक आहे. एलिमेंटच्या आत भरलेली पांढरी पूड हवेतली ओल शोषते. मग दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नानासाठी बटण दाबलं की घर अंधारात. पाणी तापवायच्या रॉडचं आणि पावसाळाभर माळ्यावर पडलेल्या इस्त्रीचंही हेच. पण "थोडं तापलं की ओल जाईल" म्हणून गिझर पुन्हा पुन्हा लावत बसू नका. एलिमेंट बदलून घ्या.

दिवसातून एखाद-दोनदाच, कुणी काही न लावता खटका पडत असेल तर फ्रिजकडे बघा. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये बर्फ वितळवणारा हीटर ठरावीक अंतराने आपोआप चालू होतो, आणि त्याची गळती तेवढ्याच वेळापुरती दिसते.

वॉशिंग मशीन पाणी भरताना ठीक, पण गरम पाण्याच्या धुण्यात पडत असेल तर हीटर, फिरवताना पडत असेल तर मोटर किंवा घासलेली वायर. खालून उघड्या मशीनमध्ये उंदीर शिरून वायरी कुरतडतात हे कंपनीचा माणूस आल्यावर कळतं. आधी टॉर्च लावून आपणच बघावं.

बंगला किंवा शेतावरचं घर असेल तर पाणबुडी मोटर आणि तिच्या केबलचा पाण्यातला जोड. अंगणातला दिवा, गेटवरची बेल, गच्चीतला प्लग पॉइंट, बाल्कनीतल्या तोरणाची स्वस्त माळ ही मंडळी फक्त पावसात हजेरी लावतात.

कधी कधी एकही उपकरण बिघडलेलं नसतं. संगणक, टीव्ही, इन्व्हर्टर एसी, एलईडीचे ड्रायव्हर यांच्या फिल्टरमधून अर्थकडे अगदी थोडा करंट कायमच जात असतो. प्रत्येकाचा नगण्य, पण मोठ्या घरात सगळे एकाच आरसीसीबीवर असले की बेरीज दहा-बारा मिलिअँपिअरवर जाते आणि मग कुठलंही निमित्त पुरतं. याला उपाय म्हणजे घर दोन आरसीसीबींत वाटणं किंवा जड सर्किटांना वेगळे आरसीबीओ देणं. नवीन घेताना 'ए' प्रकारचा मागा. इन्व्हर्टर एसी आणि नव्या वॉशिंग मशीनमधल्या इलेक्ट्रॉनिक्समुळे गळणाऱ्या करंटच्या लहरीचा आकार बदलतो, आणि जुना 'एसी' प्रकार ती नीट ओळखेलच असं नाही. (इथल्या 'एसी'चा खोली थंड करणाऱ्या एसीशी संबंध नाही, दुकानात गोंधळ होतो.)

पावसाळ्यात पडतो, उन्हात राहतो

कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हा वेगळाच अध्याय. पश्चिमेच्या भिंतीतून पाणी झिरपतं, लपवलेल्या पाइपात उतरतं आणि स्विचबोर्डाच्या लोखंडी पेटीत साठतं. दुपारी ऊन पडलं की सुकतं, म्हणून वायरमन आला की काही सापडत नाही. यावर वहीसारखं हत्यार नाही. दर वेळी पडल्याची वेळ, पाऊस होता का, आणि त्या क्षणी काय चालू होतं, एवढं लिहा. आठवड्याभरात बहुतेक वेळा त्यातला ठरावीक क्रम दिसतो. बोर्डाभोवतीचा पोपडा, गंजलेले स्क्रू, भिंतीवरचा ओला डाग हेही नोंदवा आणि फोटो काढा. अशा ठिकाणी वायर बदलून भिंत तशीच ठेवली तर पुढच्या जूनमध्ये पुन्हा भेट आहेच, आधी गळणारी भिंत बंद करावी लागते.

जुन्या वाड्यांत, चाळींत पट्टीवरची कापडी-रबरी वायरिंग असेल आणि आरसीसीबी पहिल्यांदाच बसवला असेल, तर तो टिकणारच नाही. तिथे एक फॉल्ट शोधण्यात अर्थ नाही, वायरिंगच बदलायची.

हे उपाय कुणी सुचवले तर नाही म्हणा

आरसीसीबीला बाजूला ठेवून वायर थेट जोडणं. याबद्दल काय बोलायचं!

३०च्या जागी १०० किंवा ३०० मिलिअँपिअरचा बसवणं. खटका पडायचा थांबतो, कारण तो आता माणसासाठी नाही. ३००चा आगीपासून बचावासाठी असतो. याउलट ४० अँपिअरच्या जागी ६३चा बसवून काहीही फरक पडत नाही, तो आकडा लोड पेलण्याचा आहे, गळतीचा नाही.

आणि सगळ्यात फसवा उपाय: प्लगची जाड अर्थ पिन काढून टाकणं किंवा तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचा जोड लावणं. ट्रिपिंग खरंच थांबतं. गळणाऱ्या करंटला जमिनीत जायला वाटच उरली नाही, म्हणून थांबतं. आता वॉशिंग मशीनचा पत्रा जिवंत होऊन वाट बघत असतो, ओल्या पायाने पहिला हात कोण लावतो याची. आरसीसीबी तेव्हा पडेलही, पण करंट त्या माणसातून गेल्यावर. अर्थिंग चांगलं असेल तर तो कुणी हात लावण्याआधी पडतो, हाच तर फायदा आहे.

वायरमनशी बोलताना

तुमच्याकडे आता सांगण्यासारखं बरंच असेल: कोणता एमसीबी वर केला की पडतो, प्लग काढल्यावर काय झालं, पावसाचा संबंध आहे का, अलीकडे काय काम झालं. त्याने नुसता टेस्टर आणि पक्कड आणली असेल तर असा फॉल्ट सापडणं नशिबावर. मेगर आहे का विचारा. ५०० व्होल्टच्या मेगरने वायर आणि अर्थमधला रोध मोजतात, तो एक मेगाओहमच्या वर हवा. मेगर लावण्याआधी सगळी उपकरणं सुटी असल्याची खात्री करा, नाहीतर इलेक्ट्रॉनिक्स जाऊ शकतात. काहींकडे मिलिअँपिअर मोजणारा क्लॅम्प मीटर असतो. त्यात फेज आणि न्यूट्रल एकत्र धरले की चालू घरातली गळती थेट आकड्यात दिसते.

महावितरणला किंवा तुमच्या वीज कंपनीला १९१२वर फोन करून यात उपयोग नाही. मीटरपर्यंतचं त्यांचं, मीटरनंतरचं तुमचं. भाड्याचं घर असेल तर वायरिंगची दुरुस्ती घरमालकाशी बोलून ठरवा, पण गळणारा गिझर तोपर्यंत वापरात ठेवू नका.

सगळं तपासून आरसीसीबीच खराब निघाला, म्हणजे आउटपुटच्या वायरी सोडवूनही तो वर राहत नाही किंवा 'टी' दाबूनही पडत नाही, तर बदला. त्यावर आयएसआयची खूण आणि आयएस १२६४० हा क्रमांक बघून घ्या. बसवल्यावर वायरमन जिना उतरण्याआधी करंट चालू असताना 'टी' बटण दाबा. खटका ताडकन खाली आला पाहिजे. नाही आला तर त्याला हाक मारा. पुढेही महिन्यातून एकदा हे बटण दाबत चला, आणि त्या दिवशी घड्याळं-राउटर पुन्हा लावावे लागतात म्हणून टाळू नका.